प्लग-इनच्या मनाईची कुळकथा

1995 च्या सुमारास, पीडीएफचे पान ब्राउझरमध्येच वाचता यावे अशा साध्या गरजेतून नेटस्केपने परक्या प्रणालींना आपल्या ब्राउझरमध्ये प्रवेश देणारी प्लग-इनची व्यवस्था सिद्ध केली, आणि जावा, फ्लॅश अशी मंडळी यथावकाश त्या वाटेने आत आली. एकदा आत आलेला प्लग-इन कोणत्याही पानाच्या हाकेला बिनपरवाना ओ देई, आणि वापरकर्त्याचे सर्व अधिकार हाती घेऊन कारभार करी. चोरट्यांनी नेमकी हीच मेख हेरली.

2012 मध्ये फायरफॉक्सने जुन्या, सदोष प्लग-इनना वापरकर्त्याने टिचकी दिल्याखेरीज मज्जाव केला. जानेवारी 2013 मध्ये जावातील भगदाड उघडकीस येऊन अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानेच ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला, तेव्हा या मनाईस बळ आले. क्रोमने एप्रिल 2015 मध्ये नेटस्केपकालीन प्लग-इन मुळातच बंद ठेवले, सप्टेंबरात त्यांचा आधारही काढला. फ्लॅशची मुदत 31 डिसेंबर 2020 रोजी संपली.

या मनाईची झळ आपल्याकडे लागली ती डिजिटल सहीला. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदा-संकेतस्थळावर निविदा भरणाऱ्या लहान ठेकेदाराची सही जावाच्या साहाय्याने होत असे. सहीचे टोकन संगणकाला लावलेले, मुदत सायंकाळी संपणारी, आणि सहीच्या जागी पडद्यावर प्लग-इन बंद असल्याची खूण म्हणून कोड्याच्या तुकड्याचे करडे चित्र, अशा वेळी जुना ब्राउझर जपून ठेवण्याची सक्तीच जणू त्याच्यावर होई.

तरीही मनाई हाच मूळ नियम असावा, असे माझे मत आहे. पिण्याच्या पाण्याचेच पाहा: भिवंडीजवळ टेमघरला उल्हास नदीचे शहाडहून आलेले पाणी शुद्ध होऊन मगच पुढे शहरांकडे जाते. गढूळ पाणी सोडून घरोघरी फडके बांधा, असे कोणी म्हणत नाही. प्लग-इनमधील दोष ओळखणे हेही सामान्य माणसाचे काम नव्हे, आणि टिचकीची मुभा दिली तरी कामाच्या घाईत तो ती डोळे झाकून मारतो. मात्र मनाई करणाऱ्याने आगाऊ मुदत द्यावी, आणि ज्या दफ्तराने नागरिकाला जावाची सक्ती केली, त्यानेच पर्यायाची तजवीज करावी. प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी एमसाइनर हा ब्राउझरबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम आला, तेव्हा सहीसाठी ब्राउझरचा दरवाजा उघडा ठेवण्याचे कारणच उरले नाही; अशीच सोय निविदांसाठीही मनाईपूर्वी झाली असती, तर निविदेच्या दिवशी ठेकेदाराला सुरक्षितता आणि पोट यांतून एकाची निवड करावी लागली नसती.