ब्रेकच्या टाकीतले पाणी आणि चालकाची तहान

नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला 'पखाल' हा शब्द आला. मुलांना तो माहीत नव्हता. मी फळ्यावर उर्दू शब्द लिहिला, मश्क. ती पाठीवर वाहणारा तो भिश्ती. 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला लोकांनी थेट स्वर्गाचा रहिवासी करून टाकले. एवढे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, फॉर्म्युला वनच्या गाडीत पण मश्क असते. नळी हेल्मेटच्या आतून तोंडापर्यंत येते." शेजारचा लगेच म्हणाला, "ते तर बसून असतात. त्यांना कसली तहान?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. मोटारींच्या शर्यतीचा मला शौक नव्हता आणि आजही फारसा नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. वाचत गेलो आणि बऱ्याच जुन्या गोष्टींपर्यंत पोहोचलो.

आधी तहानेचे बोलू. आपल्या घरातला माठ आठवा. त्याच्या अंगावर पाणी झिरपते, ते वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तोच माठ नीट गार करत नाही. माणसाच्या घामाचेही असेच आहे. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो उडाला पाहिजे. नागपूरचा कोरडा उन्हाळा आणि मुंबईचा चिकट मे महिना यांतला फरक ज्याने भोगला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आता शर्यतीचा चालक बघा. आगीपासून बचाव व्हावा म्हणून अंगावर कापडाचे अनेक थर, त्याखाली न जळणारे आतले कपडे, डोक्यावर तशीच टोपी आणि वर हेल्मेट, हातमोजे. पाठीमागे इंजिन. जिथे तो बसतो तिथले तापमान गरम दिवशी ५० अंशांच्या वर जाते. वळणावर मान आणि हात-पाय झगडत असतात, हृदयाचे ठोके मिनिटाला १६०-१७० पडतात आणि हे दीड-दोन तास चालते. घाम भरपूर येतो, पण त्या थरांतून उडत नाही. म्हणजे झाकण लावलेला माठ. सिंगापूरच्या शर्यतीत चालकाचे वजन दोन-तीन किलोंनी घटते असे सांगतात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले की दमछाक लवकर होते, लक्ष ढळू लागते. ६५ किलोच्या माणसासाठी हे दोन टक्के म्हणजे जेमतेम सव्वा लिटर. वर्गात लक्ष ढळले तर एक ओळ चुकते. तिथे ताशी ३०० किलोमीटरला ढळते.

ही गोष्ट लोकांना ठाऊक नव्हती असे नाही. १६ जानेवारी १९५५ रोजी अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला शर्यत झाली. तिकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि पारा ४० च्या घरात. शर्यत तीन तासांची. त्या काळी एका चालकाने उतरून गाडी दुसऱ्याला द्यायला परवानगी होती आणि त्या दिवशी अनेकांनी तिचा फायदा घेतला. दुसऱ्या क्रमांकाची फेरारी तिघांनी मिळून चालवली, तिसऱ्या क्रमांकाचीही तिघांनी. स्टर्लिंग मॉसची गाडी बंद पडली म्हणून तो कडेला गवतावर आडवा झाला. मदतनिसांना वाटले, याला ऊन लागले. त्यांनी त्याला उचलून रुग्णवाहिकेत घातले. बिचाऱ्याला त्यांची भाषा येत नव्हती. कसाबसा परतला आणि संघातल्या दुसऱ्या गाडीत बसून चौथ्या क्रमांकाचा वाटेकरी झाला.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने गाडी चालवणारे फक्त दोघे, दोघेही तिथलेच: हुआन मान्युएल फांजियो आणि रोबेर्तो मिएरेस. फांजियो जिंकला. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, साधारण माझ्याच वयाचा, आणि मी मे महिन्यात दोन जिने चढलो तरी थांबतो. तापलेल्या गाडीने त्याचा पाय भाजला होता. त्या काळच्या लिखाणात या विजयाचे जे कौतुक आहे ते सहनशक्तीचे आहे. चालकाला पाणी कसे मिळेल यावर कोणी फार विचार केलेला दिसत नाही. सोसणे हीच मर्दुमकी, असा तो हिशेब.

हा हिशेब मोटारींपुरता नव्हता. कवायतीत, आखाड्यात, मैदानावर पाणी मागणारा म्हणजे कच्चा, ही समजूत आपल्याकडेही होती. माझ्या लहानपणी पी.टी.च्या तासाला मधेच पाणी प्यायला सोडत नसत. रांगेत कोणी चक्कर येऊन पडला की मग सगळ्यांनाच सोडत.

मला सर्वांत जास्त थांबवले ते १९८२ च्या ब्राझीलच्या शर्यतीने. जागा रिओ शहरातले जाकारेपाग्वा, तारीख २१ मार्च. उष्मा भयंकर, आणि त्या वर्षीच्या गाड्या अशा कडक की रस्त्यावरचा प्रत्येक धक्का पाठीच्या कण्यात जाई. ब्राबम संघाचा रिकार्दो पात्रेझे दमून मधेच थांबला, गाडीत बिघाड नव्हता. त्याचाच जोडीदार नेल्सन पिके, ब्राझीलचा लाडका, पहिला आला. बक्षीस घ्यायला चौथऱ्यावर चढला आणि तिथेच शुद्ध हरपून कोसळला.

आणि आता त्याच्या गाडीकडे बघा. तिच्यात पाण्याची टाकी होती. कागदोपत्री ती ब्रेक गार करण्यासाठी होती. खरी गोष्ट वेगळी. गाडीचे किमान वजन नियमाने ठरलेले होते आणि शर्यतीनंतर, वजन करण्याआधी, तेल-पाणी पुन्हा भरायला मुभा होती. म्हणून शर्यत सुरू झाल्यावर हे पाणी लवकरच सांडून टाकायचे, हलकी झालेली गाडी पळवायची आणि शेवटी टाकी भरून वजन पुरे दाखवायचे. पिकेच्या ब्राबमवर ही युक्ती होती, दुसऱ्या आलेल्या केके रोझबर्गच्या विल्यम्सवरही. रेनो आणि फेरारीने तक्रार केली. एप्रिलमध्ये निकाल लागला: दोघेही बाद. तिसरा आलेला आलँ प्रॉस्ट विजेता ठरला. रागावलेल्या संघांपैकी बहुतेकांनी पुढच्या सान मारिनोच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला.

या भांडणावर पुष्कळ लिहिले गेले आहे: वजन, नियम, पैसा, संघांचे राजकारण. माझी नजर मात्र त्या टाकीवरून हटत नाही. पाण्यावाचून गळालेला माणूस रस्त्यावर पाणी ओतत निघाला होता.

दोन वर्षांनी, ८ जुलै १९८४ रोजी, अमेरिकेत डॅलसला असाच दिवस उगवला. पारा ३८ च्या पुढे, खालचा डांबरी रस्ता उखडू लागलेला. उन्हाआधी उरकावे म्हणून सकाळी लवकर सराव ठेवला, तर जॅक लाफीत झोपेच्या कपड्यांतच हजर झाला. शेवटच्या फेरीत नायजेल मॅन्सेलची गाडी बंद पडली. तो उतरला, त्या उन्हात ती ढकलू लागला आणि रेषेपाशी बेशुद्ध पडला. जिंकला तो १९८२ मध्ये बाद झालेला रोझबर्गच. त्याने डोक्यात एक टोपी घातली होती, तिच्यात गार पाणी फिरत होते. या वेळी पाणी माणसासाठी वापरले होते.

आता थोडे बाजूला जातो. नुसते पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठही जाते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात १९६५ मध्ये रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉलच्या खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय बनवले, तेच गेटोरेड. साखर असली की आतडे मीठ आणि पाणी भराभर शोषते, हे शास्त्र त्याच दशकात स्पष्ट होत होते. आणि १९७१ मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पिंपात भरून रुग्णांना पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी आणि शर्यतीच्या गाडीतली पिशवी यांचे शास्त्र एकच आहे. वर्गात हे सांगितले तेव्हा मोटारींचा शौकीन तो मुलगा जरा हिरमुसला. त्याला काहीतरी गुप्त रसायन अपेक्षित होते.

तर ती पिशवी. आजच्या गाडीत साधारण लिटर-दीड लिटर पेय असते. स्टिअरिंगवरचे बटण दाबले की पंप ते नळीतून तोंडात सोडतो. पण गाडीच्या पोटात ते इतके तापते की काही फेऱ्यांनंतर चहाच पितो आहोत असे वाटते, अशी चालकांचीच तक्रार. शिवाय लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि एका किलोला एका फेरीमागे सुमारे तीन शतांश सेकंद जातात असा ढोबळ हिशेब आहे. सत्तावन्न फेऱ्यांत पावणेदोन सेकंद. म्हणून कोणी पिशवी कमी भरतो, कोणी घेतच नाही. २०१८ च्या हंगेरीच्या शर्यतीत किमी रायकोनेनची नळी जोडायचीच राहून गेली. सत्तर फेऱ्या तो कोरड्या तोंडाने फिरला आणि तिसरा आला.

८ ऑक्टोबर २०२३, कतार, लुसैल. शर्यत रात्रीची होती, तरी हवा तापलेली आणि दमट. त्यात टायर फाटण्याच्या भीतीने एक टायर १८ फेऱ्यांपेक्षा जास्त वापरायचा नाही असे ठरले. एरवी टायर वाचवायला चालक मधून मधून सावकाश जातात, तेवढाच श्वास. ते कारणच उरले नाही, ५७ फेऱ्या सगळे पूर्ण जोरात पळाले. एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. फर्नांडो अलोन्सोने थांब्यावर अंगावर पाणी ओतायला सांगितले. लान्स स्ट्रोल गाडीतून उतरला तो तोल जात रुग्णवाहिकेकडे गेला. अॅलेक्स अल्बनला उपचारासाठी न्यावे लागले. लोगन सार्जंट आठवडाभर आजारी होता, त्याच्या शरीरातले पाणी संपले. संघाने रेडिओवरून सांगितले, थांबण्यात कमीपणा नाही. तो थांबला. ब्युनोस आयर्सपासून इथवर यायला अडुसष्ट वर्षे गेली.

त्यानंतर नियम हलले. पुढच्या वर्षी कतारची शर्यत डिसेंबरवर गेली. २०२५ पासून उष्णता आणि दमटपणा मिळून काढलेला अंदाज ३१ अंशांच्या वर गेला तर 'उष्णतेचा धोका' जाहीर होतो. मग प्रत्येक गाडीत गार द्रव फिरवणारी यंत्रणा बसवावी लागते आणि किमान वजन पाच किलोंनी वाढवून मिळते. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला ही घोषणा पहिल्यांदा झाली. नळ्या असलेला तो सदरा अंगात घालायचा की नाही, हे मात्र त्या वर्षी चालकावरच सोडले होते. न घालणाऱ्याला बदल्यात अर्धा किलो वजन गाडीत ठेवावे लागे, म्हणजे कोणी वजनासाठी सदरा टाळायला नको. काहींना तो टोचतो, काहींना सक्तीच नको.

पिशवीतले पेय अजूनही तापतेच.