'आनुषंगिक' : घर, धंदा आणि नगररचनेचा कायदा

गोरोबाकाकांची कथा मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते. तेरचे गोरोबा मुखाने विठ्ठलनाम घेत चिखल तुडवीत होते. रांगणारे मूल पायाखाली आले, आणि त्यांना ते कळलेही नाही. कीर्तनकार ही कथा भक्ताच्या तन्मयतेसाठी सांगतात. आम्हांला येथे तिच्यातील एका साध्या तपशिलाकडे लक्ष वेधावयाचे आहे. मूल ज्या अंगणात रांगत होते, त्याच अंगणात माती तुडवली जात होती. घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती असावी, आणि कोठे असावी हे गावाच्या सभेने ठरवावे, ही कल्पना बरीच अलीकडची आहे. तिचा इतिहास प्रामुख्याने इंग्लंडमध्ये घडला आणि तेथून तो आपल्या कायद्यांतही आला.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला या इतिहासाची दोन चित्रे परिचित असतात. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर' (१८६१) मधील विणकर आपल्या दगडी झोपडीत मागावर बसतो. त्याचे घर हाच त्याचा धंदा. दुसरे चित्र टॉमस हूडच्या 'द साँग ऑफ द शर्ट' या, १८४३ साली 'पंच'मध्ये आलेल्या कवितेचे. तेथेही काम घरातच चालते, पण ते घर म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईचा तुरुंग आहे. घरातला धंदा म्हणजे स्वातंत्र्य की पिळवणूक, हा वाद पुढील शतकभर या दोन चित्रांमध्ये हेलकावे खात राहिला.

१९०६ साली 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एक विलक्षण प्रदर्शन भरविले. घरी बसून काड्यापेट्या करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना तेथे प्रत्यक्ष कामाला बसविले होते, आणि लंडनचा सुखवस्तू समाज त्यांच्यासमोरून फिरत होता. घराच्या चार भिंतींआड जे होते ते सार्वजनिक व्हावे, हा हेतू. या चळवळीतून १९०९ साली ट्रेड बोर्ड्स ॲक्ट आला आणि साखळ्या, लेस, कागदी खोकी आणि तयार कपडे या चार उद्योगांत किमान वेतन ठरविण्याची सोय झाली.

त्याच वर्षी, त्याच पार्लमेंटने दुसराही एक कायदा केला : हाउसिंग, टाउन प्लॅनिंग इत्यादी ॲक्ट. कामगार चळवळीतून वर आलेले मंत्री जॉन बर्न्स यांनी तो मांडला. या कायद्याने स्थानिक कौन्सिलला नव्या वस्तीची आखणी आधीच करण्याचा अधिकार प्रथमच मिळाला. एका कायद्याने घरातल्या मजुरीकडे पाहिले, दुसऱ्याने घराच्या परिसराकडे. दोघांची भेट मात्र झाली नाही, आणि पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ आम्हांला येथे दिसते.

ही ताटातूट नकाशावरही दाखविता येते. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला क्रॅडली हीथ येथे स्त्रिया घरामागच्या परसात भट्टी पेटवून साखळ्यांच्या कड्या ठोकीत. मुले जवळच असत. नव्या बोर्डाने ताशी अडीच पेन्स दर ठरविला. कित्येकींची मजुरी त्यामुळे जवळजवळ दुप्पट होणार होती. मालकांनी तो टाळण्याच्या युक्त्या काढल्या, तेव्हा १९१० मध्ये मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली या स्त्रियांनी सुमारे दहा आठवडे लढा देऊन तो दर मिळविला. क्रॅडली हीथपासून अवघ्या काही मैलांवर असलेल्या क्विंटन, हार्बोर्न आणि एजबास्टन या भागांसाठी १९१३ साली इंग्लंडमधील पहिली मंजूर नगररचना योजना आली. एकीकडे परसातल्या भट्टीला योग्य दाम, दुसरीकडे भट्टीवाचूनची परसे.

१९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टने (अंमल १ जुलै १९४८ पासून) ही कल्पना देशभर लागू केली. इमारतीच्या वापरात 'लक्षणीय बदल' झाला तर कौन्सिलची परवानगी हवी. परंतु राहत्या घराच्या उपभोगाला 'आनुषंगिक' असलेला वापर हा बदल मानू नये, अशी सवलतही त्यातच ठेवली. तेव्हापासून घरातल्या धंद्याचे भवितव्य या एका विशेषणावर तोललेले आहे. शिकवणी घेणारा पियानोशिक्षक, मागील शेडमध्ये मोटारी दुरुस्त करणारा कारागीर, पुढच्या खोलीत केस कापणारी बाई यांच्याविषयी निर्णय देताना कौन्सिलचे अधिकारी विचारतात ते प्रश्न साधारण ठरलेले असतात. येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ वाढली का? आवाज, वास, गाड्या? बाहेरचे नोकर? पाटी लावली का?

हे विशेषण किती दूर पोहोचते याची दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. १९९० च्या आसपास वेल्समधील एका घरात ४४ कुत्री पाळल्याचा खटला अपील न्यायालयापर्यंत गेला. तो धंदा नव्हता, छंद होता. तरीही इतकी कुत्री घराच्या उपभोगाला आनुषंगिक नव्हेत असे ठरले. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही. याउलट २०२१ साली लंडनमधील बागेतल्या खोलीत व्यायामाचे शिक्षण देणाऱ्या एका गृहस्थाचा दावा उच्च न्यायालयात फेटाळला गेला. शेजाऱ्यांना उपद्रव नाही एवढे पुरेसे नाही. घराच्या वापराचे स्वरूपच बदलले का, हे पाहिले पाहिजे, असा त्याचा आशय. करोनाच्या साथीने सगळ्या जगाला घरातून कामाला बसविल्यानंतर, दुसऱ्याच वर्षी, हा निर्णय आला हे लक्षणीय होय.

आता आपल्याकडे वळू. १९०९ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. हिंदुस्थानातला तो पहिला. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात तेच विशेषण येऊन बसले : मानवी वस्तीला आनुषंगिक असलेल्या वापरासाठी परवानगी नको. पण ज्या मुंबईत ते आले तिचे वास्तव निराळे होते. गिरणगावात एका खोलीत राहून बायका गिरणी कामगारांच्या खानावळी चालवीत. त्यांनाच संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. पीठ केंद्रावर मळायचे, पापड घरी लाटायचे, ही तिची रीत. दहा बाय बाराच्या खोलीत राहणे मुख्य आणि रांधणे आनुषंगिक, की उलट? कमाई थांबली तर भाडेच थांबेल, तेथे या विशेषणाचा अर्थ कोणी लावावा?

योगायोग असा की १९६६ सालीच संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला त्याने कामगार म्हणून मान्यता दिली, ही मोठीच गोष्ट. परंतु परवाना, उजेड, हवा यांचे नियम ज्या 'औद्योगिक जागे'ला लागू होते, तिच्या व्याख्येतून खाजगी निवासस्थान वगळले. १९०९ ची ताटातूट येथेही पुन्हा घडली. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदुताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. स्वतःचे घर मिळणे हा त्या स्त्रियांचा केवढा विजय! आणि तरी त्या घराच्या उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरली जाते, तेव्हा तिची धूळ कोणाच्या श्वासात जाते, हे विचारणारे कलम नगररचनेच्या कायद्यात नाही.

कारण कौन्सिलचे सारे प्रश्न घराबाहेर उभे राहून विचारलेले आहेत. वर्दळ, आवाज, वास, पाटी : हे सर्व शेजाऱ्याचे प्रश्न. विडी वळण्याला आवाज नाही, गिऱ्हाईक दारी येत नाही, पाटी लागत नाही. त्या कसोटीवर तो आदर्श 'आनुषंगिक' वापर ठरतो. शेजाऱ्याचा हक्क आम्हांला अमान्य नाही. रात्रंदिवस यंत्र घरघरत असेल तर कोणी तरी थांबवायलाच हवे. आमचे म्हणणे एवढेच की, जो धंदा दिसतो तो थांबविला जातो आणि जो दिसत नाही तो निरुपद्रवी मानला जातो, हा न्याय अपुरा आहे. क्वीन्स हॉलमधील प्रदर्शनाने भिंतीआडचे क्षणभर उघड्यावर आणले होते. कायद्याने ती भिंत पुन्हा बांधली.

गोरोबांच्या कथेत पांडुरंगाने मूल परत दिले. ज्या अंगणात माती तुडवली जाते, तेथे मूलही रांगत असते, एवढे तरी आमच्या सभागृहांनी लक्षात ठेवावयास हवे.