स्क्रू कॉम्प्रेसरचे रोटर प्रोफाइल

स्क्रू कॉम्प्रेसरचे रोटर प्रोफाइल म्हणजे या यंत्रात एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन मळसूत्री रोटरांच्या, अक्षाला लंब घेतलेल्या छेदाची बाह्यरेषा होय. फुगीर पाकळ्या असलेल्या रोटरला नर रोटर आणि त्या पाकळ्या सामावून घेणाऱ्या खाचांच्या रोटरला मादी रोटर म्हणतात. हवेचे कॉम्प्रेसर, शीतकरण संयंत्रे तसेच वायूच्या किंवा वाफेच्या प्रसरणातून शक्ती मिळवणारे एक्सपांडर यांची कार्यक्षमता मोठ्या प्रमाणात या रेषेवर अवलंबून असते.

दोन रोटर आणि आवरण यांच्यामध्ये वायू कोंडला जातो व रोटर फिरतील तशी ती पोकळी आकुंचन पावते. येथे पिस्टन रिंगांसारखी दाबून बसणारी योजना नसते. फिरत्या भागांमध्ये साधारणपणे केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी फट ठेवावीच लागते. ती फार कमी केल्यास तापून प्रसरण पावलेले रोटर एकमेकांना वा आवरणाला घासून यंत्र जाम होते. त्यामुळे गळती पूर्णपणे थांबवता येत नाही, केवळ कमी करता येते.

भौमितिक अट

दोन्ही प्रोफाइले परस्परांशी संयुग्मी असावी लागतात, म्हणजे स्पर्शबिंदूवरील सामाईक लंबरेषा दंतचक्रांप्रमाणेच पिच बिंदूतून गेली पाहिजे. ही अट पाळल्यास एक वक्र ठरवताच दुसरा आपोआप निश्चित होतो. नर रोटरला ४ व मादी रोटरला ६ पाकळ्या ही जोडी दीर्घकाळ प्रचलित आहे. तीत नर रोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मादी रोटर २००० घेतो. ५ व ६ पाकळ्यांची जोडीही बरीच वापरली जाते.

गळतीच्या वाटा

पहिली वाट म्हणजे दोन रोटरांमधील संपर्करेषा. तिची लांबी गुणिले फट एवढ्या क्षेत्रातून वायू उच्च दाबाकडून चूषण बाजूकडे परततो. दुसरी वाट ब्लोहोल. आवरणातील दोन दंडगोलाकार पोकळ्या जिथे छेदतात त्या कडेपर्यंत संपर्करेषा पोहोचत नाही आणि तिथे एक लहान त्रिकोणी छिद्र उरते. त्यातून वायू एका पोकळीतून मागच्या, कमी दाबाच्या पोकळीत शिरतो. अडचण अशी, की ब्लोहोल लहान करण्यासाठी संपर्करेषा कडेपर्यंत नेली तर तिची लांबी वाढते. प्रोफाइल आरेखनाची बहुतेक कसोटी या तडजोडीतच लागते. एकाच गळतीकडे पाहून काढलेले प्रोफाइल बहुधा फसते.

इतिहास

अशा यंत्राचे पहिले पेटंट हाइनरिख क्रिगार यांनी १८७८ मध्ये जर्मनीत घेतले, परंतु त्या काळी इतक्या अचूकतेने रोटर कापणे शक्य नव्हते. व्यवहार्य यंत्र १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ लिसहोल्म यांनी विकसित केले. शतकाच्या मध्यावर रूढ झालेले सममित वर्तुळी प्रोफाइल कापायला सोपे होते, मात्र त्याचे ब्लोहोल मोठे होते. वेगवान, तेलरहित यंत्रांत गळतीला वेळच कमी मिळत असल्याने हा दोष खपून गेला. तेल सोडलेली मंद यंत्रे आल्यावर तो जाणवू लागला. स्वेन्स्का रोटर मास्कीनर कंपनीतील लार्स शिब्ये यांच्या असममित प्रोफाइलने १९६०च्या दशकात उच्च दाबाच्या बाजूचे ब्लोहोल बरेच घटवले.

लंडनच्या सिटी विद्यापीठात निकोला स्तोशिच व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या एन प्रोफाइलमध्ये वक्र प्रथम दंतपट्टीवर, म्हणजे अनंत त्रिज्येच्या काल्पनिक रोटरवर, ठरवले जातात व त्यांवरून दोन्ही रोटर निघतात. पट्टीवरील सरळ रेषेपासून रोटरवर इन्व्हॉल्यूट वक्र मिळतो.

तेलाच्या यंत्रात नर रोटर मादी रोटरला प्रत्यक्ष स्पर्शाने फिरवतो. हा स्पर्श पिच वर्तुळाजवळ ठेवल्यास घसरण कमी होते. वायूच्या दाबामुळे मादी रोटरवर येणारे आघूर्ण फेऱ्यादरम्यान दिशा बदलू लागले तर पाकळ्या एकमेकींवर आपटून खडखडाट होतो. म्हणून आरेखनात तेही तपासावे लागते. तेलरहित यंत्रात हे काम बाहेरील दंतचक्रे करतात.

एक्सपांडर

एक्सपांडरमध्ये प्रवाह उलटा असतो. कॉम्प्रेसरमधील गळतीने बाहेर मिळणारा वायू घटतो, तर येथे गळतीमुळे यंत्र सैद्धांतिक मापापेक्षा अधिक वायू गिळते आणि तो जादा वायू काम न करताच निसटतो. शिवाय उच्च दाबाचे प्रवेशद्वार लहान असल्याने पोकळी भरतानाच दाब घटतो. म्हणून कॉम्प्रेसरचे रोटर उलटे फिरवता येत असले, तरी द्वारांचा आकार व पाकळ्यांचा पीळ नव्याने ठरवणे हितावह असते. रोटरांतील प्रवाहवेग टर्बाइनपेक्षा पुष्कळ कमी असल्याने पाण्याचे थेंब मिसळलेली वाफही या यंत्रात चालते. भूऔष्णिक व वाया जाणाऱ्या उष्णतेच्या प्रकल्पांत त्याचा विचार होतो तो यामुळेच.