फिलिपाइन्सची लोकनृत्ये आणि त्यांचे धनी

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने नृत्यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात येईल. आम्हांला मात्र हा विषय आमच्या वाटेवरचाच वाटतो. जहाजांवर राबणाऱ्या कोकणातल्या खलाशांत आम्ही बरीच वर्षे काम केले. त्यांच्या बोलण्यात फिलिपिनो सोबत्यांच्या गोष्टी नेहमी येत, कारण एकाच डेकवर दोघेही राबत. त्या गोष्टी ऐकून आम्ही त्या देशाचा इतिहास वाचू लागलो आणि वाचता वाचता त्याच्या नृत्यांपाशी येऊन थांबलो. तिथल्या शेतमजुराने किंवा कुळाने स्वतः लिहिलेला कागद क्वचित हाती लागतो. त्याचा नाच मात्र हाती लागतो.

सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते, मग अमेरिकेचे. मधली तीन वर्षे जपानची. १९४६ साली स्वातंत्र्य. उत्तरेच्या डोंगरांत स्पेनचा अंमल नीट बसलाच नाही, सपाटीवरचा बहुतेक समाज ख्रिस्ती झाला, आणि दक्षिणेकडे मिंदानाव व सुलू बेटांवर इस्लाम टिकून राहिला. म्हणून ‘फिलिपिनो नृत्य’ असे एकच काही नाही. फांदांगो हा स्पेनचा नाच. लुबांग बेटावर त्याचा ‘पांदांगो सा इलाव’ झाला, आणि नाचणारी बाई डोक्यावर एक व दोन्ही हातांच्या पाठींवर एकेक पेटता दिवा तोलून धरू लागली. धन्याचा नाच उचलायचा आणि त्यात आपले कसब घालून तो आपला करायचा, ही रीत राबणाऱ्यांत सगळीकडे दिसते.

जगाला ठाऊक झालेले नृत्य म्हणजे लेते बेटाकडचे तिनिक्लिंग. सुमारे नऊ फूट लांबीचे दोन बांबू लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवतात आणि दोघे जण दोन टोकांशी बसतात. ताल तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेला बांबू एकमेकांवर आपटायचे; दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला ते फाकवून ठोकळ्यांवर आपटायचे. नाचणाऱ्याचे अनवाणी पाऊल त्या दोन मात्रांपुरते आत, पहिल्या मात्रेला बाहेर. चुकले तर घोटा ठेचतो. तिकलिंग हा आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, लांब पायांचा पक्षी. भातशेतात तो गवतातून, शेतकऱ्याने लावलेल्या बांबूच्या फाशांतून पाय उचलून निसटतो. त्याची ही नक्कल, असे सांगतात.

दुसरीही एक कथा आहे. स्पॅनिश जमीनदाराच्या मळ्यावर कामात मागे पडलेल्या मजुराला दोन बांबूंच्या मध्ये उभे करीत आणि बांबू त्याच्या घोट्यांवर आपटीत. मार चुकविण्यासाठी तो उड्या मारी आणि त्यातून हे नृत्य निघाले. ही कथा आमच्यासारख्यांना मोठी सोयीची. सभेत सांगितली तर टाळी हमखास. परंतु त्या काळच्या कागदपत्रांचा आधार तिला मिळालेला नाही. वहीत नसलेली रक्कम मालकाने हिशेबात दाखवली तर आम्ही त्याच्याशी भांडतो, तेव्हा आपल्या बाजूची म्हणून ही रक्कमही आम्हांला धरता येत नाही. शिवाय तिची गरजही नाही. मळ्यावरची पिळवणूक सिद्ध करायला नाचाची साक्ष कशाला हवी? लुझोनच्या भातपट्ट्यात जमीन धर्मसंघांच्या आणि थोड्या घराण्यांच्या हाती होती, आणि पीक अर्धेलीने वाटून घेणारे कूळ कर्जात जन्मून कर्जात मरत असे, हे इतिहासात नोंदलेले आहे. १९४६ ते १९५४ या काळातील हुक शेतकऱ्यांचे बंड त्यातूनच पेटले. अशा कुळाला टागालोग भाषेत ‘कसामा’ म्हणत. कसामा म्हणजे सोबती; आणि आज तिथले डावे कार्यकर्ते ‘कॉम्रेड’ या अर्थी हाच शब्द वापरतात.

भाताची लावणीही तेथे वाद्याच्या साथीने होत असे. बांधावर एक जण गिटार वाजवी आणि चिखलात वाकलेली रांग तालावर मागे मागे सरत रोपे खोची. फेर्नांदो आमोर्सोलो या चित्रकाराने लावणीची चित्रे काढली, ती घरोघर पोचली. चित्रात सगळे हसरे असते. तालाने शीण हलका होतो हे खरे. पण ताल वाढला की कामही वाढते, हे गिरणीत साच्यांचा वेग वाढलेला ज्याने पाहिला त्याला सांगायला नको. लावणीची, कापणीची, मळणीची ती वाकणी पुढे नृत्यांत आली.

लागुना प्रांतातील बिन्यान गावचे ‘माग्लालातिक’ आम्हांला याहून बोलके वाटते. नारळाचा रस आटवला की तेल सुटते आणि तळाशी खमंग बेरी राहते, ती लातिक. पुरुष आपल्या छातीवर, पाठीवर, कमरेला, मांड्यांना करवंट्या बांधतात आणि हातातल्या करवंट्यांनी त्या वाजवीत नाचतात. लाल तुमानीचे मोरो, म्हणजे मुसलमान. निळ्या तुमानीचे ख्रिस्ती. दोघांची लढाई लातिकसाठी. स्पॅनिश राज्यात मोरो आणि ख्रिस्ती यांच्या झुंजीचे खेळ गावोगाव होत, आणि त्यांत जय कोणाचा हे आधीच ठरलेले असे. बिन्यानच्या नाचात मात्र शेवटी समेट होतो. नारळाची बाग कोणाची होती, हा प्रश्न दोन्ही बाजूंचे नाचणारे विचारीत नाहीत. तो आम्ही येथे विचारून ठेवतो.

आता या नृत्यांचे पुढे काय झाले ते पाहू. १९०४ साली अमेरिकेने सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात फिलिपाइन्समधून हजाराहून अधिक माणसे नेऊन त्यांची गावे मांडली. डोंगरातल्या इगोरोत लोकांना तेथे प्रेक्षकांपुढे गांगसा, म्हणजे हातात धरायच्या सपाट झांजा, वाजवून नाचावे लागे. पूजेला, लग्नाला, तहाला नाचायचे ते तिकिटावर नाचायचे. आणि अशी रानटी माणसे स्वराज्याला लायक नाहीत, हा त्या मांडणीतला गर्भित अर्थ.

या अपमानाला सर्वांत नीट उत्तर दिले ते एका व्यायामशिक्षिकेने. फ्रान्सिस्का रेयेस-अकिनो, जन्म १८९९, बुलाकान प्रांत. अमेरिकी शाळांतून परदेशी नाच शिकवले जात असताना या बाई गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून पावले शिकत होत्या. १९२६ साली त्यांनी फिलिपाइन्स विद्यापीठात लोकनृत्ये व खेळ यांवर प्रबंध सादर केला. १९३४ साली विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी लोकगीते व लोकनृत्ये गोळा करण्यासाठी समिती नेमली. तीत बाई होत्या आणि स्वरलेखनासाठी आंतोनिनो बुएनावेंतुरा होते. पुढे बाईंनी ग्रंथांतून नृत्य कोणत्या गावचे, पोशाख कोणता, मात्रा किती, पाऊल कोठे, हे मांडून ठेवले. वर तिनिक्लिंगच्या मात्रा सांगितल्या त्या बाईंच्याच वर्णनाप्रमाणे. साध्या शाळामास्तराला पुस्तक उघडून मुलांना शिकवता यावे, असे ते लेखन आहे. आम्ही शाळेत फार शिकलो नाही, म्हणून असल्या पुस्तकाची किंमत आम्हांला कळते. १९६२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही शासकीय सेवेच्या विभागात. तीन वर्षांपूर्वी त्याच विभागात आपले चिंतामणराव देशमुख सन्मानित झाले होते. त्यांच्या शेजारी नाचाची पावले मोजणारी बाई बसवणाऱ्यांची दृष्टी चांगलीच म्हटली पाहिजे. १९८३ साली बाई वारल्या.

१९५७ साली मनिलाच्या फिलिपाइन विमेन्स युनिव्हर्सिटीत एलेना बेनितेस यांनी ‘बायानिहान’ हा नृत्यसंघ काढला. नाव फार बोलके. गावकरी मिळून शेजाऱ्याचे बांबूचे घर खांद्यावर उचलून दुसऱ्या जागी नेतात, तशा बिनमोबदल्याच्या एकजुटीच्या श्रमाला बायानिहान म्हणतात. १९५८ साली संघ ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात नाचला आणि गाजला. त्याच प्रदर्शनात बेल्जियमने काँगोची माणसे बसवून गाव मांडले होते. प्रेक्षकांच्या टवाळीला कंटाळून ती माणसे निघून गेली. सेंट लुईत ज्या देशाची माणसे कुंपणात होती, त्या देशाची मुले येथे स्वतंत्र राष्ट्राची म्हणून रंगमंचावर उभी राहिली. हे यश लहान नव्हे.

परंतु यशाची किंमत कोणी दिली? लानाव सरोवराकाठच्या मरानाव मुसलमानांचे सिंगकिल घ्या. आडव्या-उभ्या बांबूंच्या जाळीतून पंखे हलवीत, नजर वर ठेवून चालणारी राजकन्या. मूळ त्यांच्या ‘दारांगेन’ महाकाव्यात. (याच लोकांत ‘महारादिया लावाना’ नावाची कथा आहे, हा लावाना म्हणजे आपला रावण, इतक्या दूर आणि इस्लामी पोशाखात.) मरानाव समाजात हे खानदानी स्त्रियांचे नृत्य होते. रंगमंचावर वेग वाढला, राजपुत्र आला, नाचणारे मनिलाचे विद्यार्थी आले. आणि आमचे नृत्य आम्हांलाच ओळखू येत नाही, अशी तक्रार मरानाव जाणत्यांनी केली. रंगमंचासाठी बदल करूच नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे आहे त्याला विचारावे, त्याचे नाव छापावे आणि त्याचा वाटा द्यावा, एवढेच म्हणतो. २०१७ साली मे ते ऑक्टोबर याच सरोवराकाठी मारावी शहरात लढाई झाली, शहराचा गाभा जमीनदोस्त झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसे परागंदा झाली. त्या आधी कित्येक वर्षे सिंगकिल देशाची शान म्हणून परदेशी मिरवत होते.

वाट्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. १९९२ साली फिलिपाइन्सने कायदा करून परंपरेच्या थोर कारागिरांना व कलावंतांना राष्ट्रीय मान आणि हयातभर मासिक वेतन देण्याची व्यवस्था केली. अट अशी की त्यांनी आपली विद्या पुढच्या पिढीला शिकवावी. २००० साली हा मान कालिंगा प्रांतातील लुबुआगानच्या आलोन्सो साक्लाग यांना मिळाला. नृत्य आणि गांगसा ते कोणत्याही शाळेत शिकले नाहीत. पाहून आणि ऐकून शिकले, आणि गावच्या मुलांना शिकवू लागले. सेंट लुईच्या कुंपणात तिकिटावर वाजली ती हीच डोंगरातली गांगसा.