म्युझिक सॉफ्टवेअर विकत घेतलं तरी ते तुमच्या मालकीचं का होत नाही?

लॅपटॉप फॉरमॅट केला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं आणि स्क्रीनवर मेसेज आला, 'ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे'. पैसे भरलेत, बिलही आहे, तरी अर्धवट राहिलेलं गाणं काही उघडत नाही.

असं होतं, कारण आपण सॉफ्टवेअर विकत घेतच नाही. घेतो ते वापरायचं लायसन्स, म्हणजे परवाना. आणि हा परवाना खरा आहे का, ठरलेल्या संगणकांवरच चालतोय का, याची तपासणी म्हणजे ॲक्टिव्हेशन.

लायसन्स राहतं कुठं?

बहुतेक कंपन्या ते ऑनलाइन अकाउंटला जोडतात. एबलटन लाइव्ह एका लायसन्सवर दोन संगणकांवर चालू करता येतं. लॉजिक प्रो ॲपलच्या अकाउंटला जोडलेलं असतं, त्यामुळे ते दुसऱ्याला विकता येत नाही.

दुसरा प्रकार डोंगलचा. पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू, ती यूएसबीला लावली तरच सॉफ्टवेअर सुरू होणार. प्रो टूल्सवाल्यांना माहीत असलेला आयलॉक हा त्यातलाच. आता मात्र आयलॉकचं लायसन्स बऱ्याचदा संगणकावर किंवा क्लाउडवरही ठेवता येतं.

क्युबेसचं काय झालं?

क्युबेस बनवणारी जर्मनीची स्टाइनबर्ग कंपनी अनेक वर्षं ईलायसेन्सर नावाची डोंगल व्यवस्था वापरत होती. २०२२ मध्ये क्युबेस १२ पासून डोंगल गेला, लायसन्स अकाउंटवर आलं आणि तीन संगणकांवर चालू लागलं. सोय झाली.

पण जुन्या आवृत्त्यांचं काय? २० मे २०२५ ला ईलायसेन्सरची सेवा बंद झाली. ज्यांचं लायसन्स आधीपासून डोंगलमध्ये किंवा संगणकावर आहे, त्यांचं काम सुरू राहतं. मात्र डोंगल बिघडला किंवा तो संगणक गेला, तर लायसन्स परत मिळवायची वाट उरलेली नाही. थोडक्यात, 'कायमचं' लायसन्ससुद्धा ते तपासणाऱ्या यंत्रणेइतकंच टिकतं.

अपडेटचे नियमही वेगवेगळे

एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढचे अपडेट फुकट. पण ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट लायसन्स घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. वेव्हज कंपनीने मार्च २०२३ मध्ये एकदाच पैसे भरून प्लगइन घ्यायची सोय बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं. ग्राहक इतके भडकले, की काही दिवसांतच कंपनीला जुनी पद्धत परत आणावी लागली.

मग काळजी काय घ्यायची?

- घेण्याआधी बघा : किती संगणकांवर चालतं, इंटरनेट लागतं का, सबस्क्रिप्शन थांबवलं तर काय होतं.
- लॅपटॉप विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी जुनं ॲक्टिव्हेशन काढून टाका.
- अकाउंटचा ईमेल चालू ठेवा. बिल आणि सिरियल नंबर जपून ठेवा.
- काम पूर्ण झालं की गाण्याचा प्रत्येक ट्रॅक वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सॉफ्टवेअर कंपनीचं असलं तरी गाणं तुमचं आहे, आणि वेव्ह फाइल उघडायला कुणाचंच लायसन्स लागत नाही.