दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर आणि प्रवासाचा कालावधी

दिल्ली येथील इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर, म्हणजेच जवळपास ६,७०० सागरी मैल आहे. पृथ्वीगोलावरील दोन स्थळांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेवर हे अंतर मोजले जाते. दिल्लीहून निघणारी ही रेषा उत्तरेकडे वळून आर्क्टिक प्रदेशातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरते.

प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून तंतोतंत जात नाहीत. उंच पर्वतप्रदेश, हवामान, विविध देशांची परवानगी आणि वाऱ्याची दिशा यांचा विचार करून मार्ग आखला जातो. त्यामुळे कापावयाचे अंतर वाढते. मात्र अंतर वाढले म्हणजे वेळही वाढतोच, असे नाही.

एअर इंडियाने या मार्गावर डिसेंबर २०१५ मध्ये थेट सेवा सुरू केली. आरंभी विमान युरोप व अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटर अंतर कापीत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रथमच पूर्वेकडील पॅसिफिक मार्ग अवलंबिण्यात आला. त्या वेळी बोइंग ७७७ विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर साडेचौदा तासांत पूर्ण केले. मार्ग १,४०० किलोमीटरने लांबला, तरी सुमारे दोन तासांची बचत झाली.

याचे कारण वाऱ्यात आहे. साधारणतः ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट प्रवाह पूर्वेला जाणाऱ्या विमानास मागून रेटा देतात. उपरोक्त उड्डाणाचा सरासरी वेग त्यामुळे ताशी १,०५० किलोमीटरहून अधिक झाला. पश्चिमेकडे जाताना हेच वारे समोरून येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढत असल्याने ऋतूनुसारही कालावधी बदलतो.

हवाई क्षेत्र बंद झाल्यास गणित आणखी बिघडते. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपले हवाई क्षेत्र बंद केल्यानंतर उत्तर भारत आणि पाश्चात्त्य देशांदरम्यानच्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला. काही विमानांना इंधनासाठी वाटेत थांबावे लागले. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित केली. त्यामागील कारणांत या बंदीचाही समावेश होता.

प्रवाशांनी स्थानिक वेळेचा फरकही ध्यानात घ्यावा. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात भारतापेक्षा साडेतेरा तासांनी, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तासांनी मागे असते. उदाहरणार्थ, जूनमध्ये दिल्लीहून पहाटे चार वाजता निघून साडेपंधरा तास प्रवास केल्यास तेथे त्याच दिवशी सकाळचे सात वाजलेले असतात.

तिकिटावर दर्शविलेल्या कालावधीत विमानतळावरील धावपट्टीपर्यंतचा प्रवास आणि संभाव्य प्रतीक्षाही गृहीत धरलेली असते. सिलिकॉन व्हॅलीत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी औषधांच्या वेळा आणि पुढील विमानाची जोडणी ठरविताना नकाशावरील अंतरावर विसंबू नये. त्या दिवशीचा मार्ग, वाटेतील थांबा आणि अपेक्षित आगमनाची वेळ यांची विमान कंपनीकडून खात्री करून घेणे हितावह ठरते.