आउटफिल्डचा ग्लोव्ह निवडताना
दमट हवेच्या कोकणात नाममुद्रेपेक्षा कातड्याची पारख महत्त्वाची

कासू (ता. पेण) : क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाखेरीज कोणत्याही क्षेत्ररक्षकाला हातमोजे घालण्याची मुभा नाही. त्यामुळे उघड्या हातांनी झेल टिपत वाढलेली मुले बेसबॉलकडे वळतात, तेव्हा ग्लोव्ह ही त्यांच्यासाठी सर्वस्वी नवी वस्तू असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबरच बेसबॉल-सॉफ्टबॉलचाही समावेश झाला. खेळाविषयीचे कुतूहल यामुळे वाढेलही. परंतु पेण-रोहा रेल्वेमार्गावरील कासूसारख्या गावातील खेळाडूला ग्लोव्हसाठी मुंबईत धोबीतलावची क्रीडासाहित्याची दुकाने गाठावी लागतात किंवा तो टपालाने मागवावा लागतो. परत करण्यासाठी दुसरी खेप घालणे प्रत्येकाला शक्य नसते. म्हणूनच पहिली निवड अचूक होणे आवश्यक आहे.

आउटफिल्डसाठी वेगळा का?

बेसबॉलचा चेंडू साधारण १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका असतो. मात्र आउटफिल्डमधील खेळाडूला तो धावत, उडी घेत किंवा अंग झोकून टिपावा लागतो. मोठ्या व्यावसायिक मैदानांत मधल्या दिशेची सीमा ४०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२२ मीटरच्या आसपास असते. एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात बोटांच्या टोकाशी मिळणारी अर्ध्या इंचाची लांबीही मोलाची ठरते. याउलट इनफिल्डमधील खेळाडूला चेंडू चटकन बाहेर काढून फेकायचा असल्याने त्याचा ग्लोव्ह आखूड व उथळ असतो.

हात आणि आकार

नवख्यांची सर्वांत मोठी चूक हाताच्या बाबतीत होते. ग्लोव्ह चेंडू फेकण्याच्या हातात नव्हे, तर दुसऱ्या हातात घालायचा असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डाव्या हातात बसणारा ग्लोव्ह हवा. वेष्टनावरील 'राइट हँड थ्रो' या शब्दांचा अर्थ 'उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी' असा आहे. तो उजव्या हातात घालण्याचा ग्लोव्ह समजून अनेकांची फसगत होते.

ग्लोव्हची लांबी तर्जनीच्या टोकापासून खोळीतून खाली टाचेपर्यंत मोजतात. प्रौढ आउटफिल्डरसाठी १२ ते १२.७५ इंच हे माप प्रचलित आहे. अमेरिकेतील मेजर लीगच्या नियमानुसार ही लांबी १३ इंचांपेक्षा अधिक असू शकत नाही. शालेय मुलांना मात्र 'वाढत्या अंगाचा' म्हणून मोठा ग्लोव्ह घेऊन देऊ नये. हाताच्या ताकदीबाहेरचा ग्लोव्ह वेळेवर मिटत नाही आणि खोळीत आलेला चेंडू बाहेर पडतो. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह १२ इंच परिघाच्या मोठ्या चेंडूसाठी बनवलेला असतो. त्याची खोळ बेसबॉलला सैल पडते, हेही ध्यानात ठेवावे.

जाळीचे प्रकार

अंगठा व तर्जनी यांच्यामधील जाळी हा ग्लोव्हचा प्राण होय. सेंट लुईसचा गोलंदाज बिल डोक याच्या कल्पनेनुसार रॉलिंग्ज कंपनीने १९२० च्या सुमारास या दोन बोटांमध्ये वाद्या ओवल्या. त्यातून नैसर्गिक खोळ तयार झाली आणि आधुनिक ग्लोव्हचा पाया घातला गेला. आउटफिल्डसाठी 'एच' आकाराची किंवा 'ट्रॅपीझ' जाळी पसंत केली जाते. पहिली भक्कम असते, दुसरी अधिक खोल व लवचीक. उंच झेल घेताना ग्लोव्ह डोळ्यांवर धरून ऊन अडवता येते आणि उघड्या जाळीच्या फटींतून चेंडूवर नजरही ठेवता येते.

कातड्याची पारख

बैलाचे जाड कातडे मजबूत असते, मात्र ते रुळायला वेळ लागतो. लहान जनावराचे 'किप' कातडे हलके, घट्ट व महाग असते. डुकराचे कातडे लगेच मऊ पडते, पण लवकर झिजते. भारतात जालंधर व मेरठ ही क्रीडासाहित्याची प्रमुख केंद्रे असून देशातील चर्मोद्योगात म्हशीचे कातडेही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. 'लेदर पाम' असे लिहिलेल्या ग्लोव्हमध्ये केवळ तळवाच चामड्याचा व पाठ कृत्रिम कापडाची असू शकते. तेव्हा पूर्ण वर्णन वाचूनच पैसे मोजावेत.

दुकानात जाताना बेसबॉलचा चेंडू सोबत न्यावा. तळवा अंगठ्याने दाबल्यावर कातडे भरीव लागावे, पुठ्ठ्यासारखे पोकळ नव्हे. वाद्या एकसारख्या रुंदीच्या व कातड्याच्याच असाव्यात. शिवण कोठे सुटलेली नाही ना, हे बोटांच्या बेचक्यांत तपासावे. अगदी नवा ग्लोव्ह कडक असणे हा दोष नाही. पहिल्याच दिवशी लोळागोळा होणारा ग्लोव्ह मात्र फार काळ आकार धरत नाही.

पावसाळ्यातील निगा

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या दमट हवेत चामड्याला बुरशी लागण्यास काही दिवस पुरतात. ओला ग्लोव्ह कोरड्या फडक्याने पुसून, आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत व वाऱ्यावर वाळवावा. चुलीजवळ, कडक उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली ठेवल्यास कातडे तडकते. खोबरेल तेल चोपडण्याचा मोह टाळावा. त्याने ग्लोव्ह जड व लिबलिबीत होतो. लॅनोलिनयुक्त मलम अगदी थोडे, कोरड्या कातड्यावर लावणे पुरेसे असते. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ग्लोव्ह कधीही ठेवू नये. खोळीत चेंडू ठेवून सैलसर बांधावा व अधूनमधून बाहेर काढून हवा द्यावी.

ग्लोव्ह रुळवण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे रोज थोडा वेळ झेलांचा सराव. वादी तुटली म्हणून ग्लोव्ह निकामी होत नाही. कातडे शाबूत असेल, तर चपला-बूट शिवणारा कुशल कारागीरही नवी वादी ओवून देऊ शकतो. खरेदीच्या वेळी आधी हात, मग माप, त्यानंतर कातडे आणि सर्वांत शेवटी नाममुद्रा हा क्रम पाळल्यास एकच ग्लोव्ह अनेक हंगाम साथ देतो.